काळ्या पट्ट्यांच्या बाजूने

सोलापुरात कॉम्प्युटरची बदली होत राहते. एखाद्या ऑफिसच्या लिलावात निघालेला संच आधी पूर्व भागातल्या कारखान्यात टॅली, म्हणजे हिशेबाचा प्रोग्राम, चालवायला येतो. तिथे नवा आला की तो मालकाच्या घरी जातो, घरी लॅपटॉप आला की मेव्हण्याच्या मुलाकडे. या फिरतीत सीपीयूचा डबा तेवढा तोच राहतो. मॉनिटर दुसऱ्याच कुठल्या संचातला, केबल तिसऱ्याची, विंडोज चौथ्यानं टाकलेलं. शेवटी तो सहावी-सातवीतल्या पोराच्या ताब्यात येतो, त्यावर गेम टाकला जातो आणि मला फोन येतो.

मी पेशानं हिशेबनीस. कन्ना चौक, अशोक चौक, अक्कलकोट रोड एमआयडीसी या पट्ट्यातल्या यंत्रमागवाल्यांची जीएसटीची कामं बघतो. ज्याला टॅली येतं त्याला कॉम्प्युटर येतो, आणि ज्याला कॉम्प्युटर येतो त्याला गेमही येत असणार, असा आमच्याकडचा समज आहे. तक्रार ठरलेली असते: "काका, गेम स्क्रीनवर नीट बसंना."

नीट बसंना म्हणजे काय, ते मात्र घरोघरी वेगळं. कुठे चित्र मधोमध पोस्टकार्डाएवढं. कुठे सगळी माणसं आडवी फुगलेली. कुठे कोपऱ्यातला स्कोअर अर्धा कापलेला. कुठे नुसताच काळा पडदा आणि त्यावर मॉनिटरची एक चौकट इकडून तिकडे फिरतेय: आउट ऑफ रेंज. लोक या सगळ्याला 'रिझोल्यूशनचा प्रॉब्लेम' म्हणतात आणि दोष ग्राफिक्स कार्डाच्या माथी मारतात. जुनं झालंय, बदला. दुकानदारही हेच सांगतो, आणि तो का सांगतो हे मला त्याचा हिशेब न बघताही कळतं. मी जेवढं पाहिलंय त्यात कार्ड बहुतेकदा सांगितलेलं काम मुकाट्यानं करत असतं. चित्र केवढं काढायचं हे तिघं मिळून ठरवतात: गेम, कार्ड आणि मॉनिटर. गेम २००३ चा, कार्ड २००७ चं, मॉनिटर २०१४ चा. तिघांच्या डोक्यात पडद्याची तीन वेगवेगळी मापं असतात.

म्हणून मी गेमच्या सेटिंगला आधी हातच लावत नाही. मॉनिटरचं मेनूचं बटण दाबतो. बऱ्याच मॉनिटरांच्या मेनूत माहितीचं एक पान असतं आणि त्यावर त्या क्षणी आत येणारा सिग्नल लिहिलेला असतो, म्हणजे १०२४ बाय ७६८ (आडवे ठिपके बाय उभे ठिपके, हेच ते रिझोल्यूशन), ६० हर्ट्झ (चित्र सेकंदाला साठ वेळा रंगवायचं) वगैरे. गेम एक सांगतो, विंडोज दुसरं सांगतं. मॉनिटरपर्यंत प्रत्यक्षात काय पोचलं ते इथे दिसतं. गेममध्ये १३६६ निवडलेलं असताना इथे ८०० बाय ६०० दिसलं, तर मधे कुणीतरी थाप मारतंय हे नक्की. मग त्याला हुडकायचं.

साखर पेठेतल्या एका घरी हा थापाड्या निघाला निळ्या तोंडाची व्हीजीए केबल. साडेअठरा इंची मॉनिटर, त्याची मूळ मापं १३६६ बाय ७६८, पण विंडोज १०२४ बाय ७६८ च्या वर सरकायलाच तयार नाही. त्यामुळे गेमच्या यादीतही तेवढंच. घरातल्या मोठ्या मुलानं ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्डाची गाठ घालणारा प्रोग्राम, काढून पुन्हा टाकला होता, विंडोजही नवं टाकून बघितलं होतं. मी डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या यंत्रांची विंडोजमधली यादी, उघडला, तर मॉनिटरच्या नावाच्या जागी 'जेनेरिक नॉन-पीएनपी मॉनिटर'. म्हणजे कॉम्प्युटरला समोर कोण बसलंय हेच माहीत नव्हतं.

हे माहीत होण्याची रीत मला फार आवडते. १९९४ सालापासून मॉनिटर आपली ओळख स्वतःच्या पोटात लिहून ठेवतात. तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ नोंद फक्त १२८ बाइटची. कुणी बनवला, कधी बनवला, पडदा किती सेंटिमीटर रुंद, कोणती मापं चालतात, एवढं सगळं त्यात मावतं. व्हीजीए केबलच्या १५ पिनांपैकी बाराव्या आणि पंधराव्या पिनेतून कार्ड ही नोंद वाचतं. लाल, हिरवा, निळा हे रंग वेगळ्या पिनांतून जातात. म्हणून बारावी किंवा पंधरावी पिन मोडली, किंवा स्वस्त केबलमध्ये तिची तार घातलेलीच नसली, तरी चित्र स्वच्छ येत राहतं, आणि केबलवर संशय घ्यायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. कार्डाला ओळखपत्र मिळत नाही, म्हणून ते जपून वागतं: कुठल्याही मॉनिटरला झेपतील अशीच मापं पुढे करतं. केबल बदलली आणि १३६६ यादीत हजर झालं. त्या घरच्या आजोबांना खरा धक्का बसला तो दुरुस्तीच्या खर्चाचा. केबलच्या किमतीत कॉम्प्युटर दुरुस्त होतो हे त्यांना काही केल्या पटेना, काहीतरी राहून गेलं असणार म्हणून ते मला चहावर थांबवून पुन्हा पुन्हा विचारत राहिले.

या १३६६ चीही एक गंमत आहे. जुन्या कार्डावर पुष्कळदा १३६६ मिळतच नाही, १३६० मिळतं. पडद्यावर कुठला ठिपका कधी रंगवायचा या वेळापत्रकाची जुनी गणितं आडवे ठिपके आठ-आठच्या गटात मोजतात. १३६० ला आठनं पूर्ण भाग जातो, १३६६ ला जात नाही. ईडीआयडीतल्या आखूड नोंदींतही रुंदी आठच्या पटीतच लिहिता येते. फरक सहा ठिपक्यांचा, पण मॉनिटर ते सहा भरून काढायला सगळं चित्र किंचित ताणतो आणि अक्षरांच्या कडा मऊ पडतात. गेममध्ये ते जाणवत नाही. टॅलीत जाणवतं.

आमच्या लहानपणी असले प्रश्न नव्हते, कारण मॉनिटर जुन्या टीव्हीसारखा डबा होता. डब्याच्या काचेमागे रंगांचे ठिपके असत, पण चित्राचे ठिपके त्यांना एकास एक बांधलेले नसत. इलेक्ट्रॉनचा झोत ६४० बाय ४८० सांगितलं तर तेवढ्या रेघा मारायचा, १०२४ बाय ७६८ सांगितलं तर तेवढ्या, आणि दोन्ही वेळा काच भरायची. नव्या पेठेतल्या सायबर कॅफेत व्हर्चुआ कॉप २ खेळणाऱ्या पोरांना रिझोल्यूशन हा शब्दही ठाऊक नव्हता आणि त्यांचं काही अडत नव्हतं. चपट्या मॉनिटरात ठिपके कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. १०२४ ठिपक्यांचं चित्र १३६६ ठिपक्यांवर पसरायचं, तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला सव्वा-दीड जागा येते. मग शेजारच्या दोघांचे रंग मिसळून मधला भरावा लागतो. गेम धुरकट दिसतो तो यामुळे. कार्ड नवं घातलं तरी हे गणित तेच राहील.

'आउट ऑफ रेंज'ची गोष्ट थोडक्यात संपते. डब्याचा पडदा ६० हर्ट्झवर लुकलुकायचा आणि डोळे दुखायचे, म्हणून शहाणी माणसं तो ८५ वर ठेवायची. तोच संच नव्या मॉनिटरला जोडला की विंडोज जुन्या सवयीनं ८५ पाठवतं, आणि हे चपटे मॉनिटर बहुतेक ७५ च्या पुढे जात नाहीत. विंडोज ७ किंवा त्याआधीचं असेल तर सुरू होताना एफ८ दाबून कमी रिझोल्यूशनमध्ये शिरायचं, ६० करायचं, बाहेर यायचं. एखादाच गेम हट्टी असेल, तर त्याची सेटिंगची फाईल उडवायची. व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास आपली ही फाईल डॉक्युमेंट्समधल्या स्वतःच्या फोल्डरात ठेवतात. ती पुसली की गेम पहिल्या दिवसासारखा उघडतो. मात्र सेव्ह केलेले गेमही त्याच फोल्डरात असतात. घाईत सगळा फोल्डर उडवला, तर पोरगं तुमच्याशी वर्षभर बोलणार नाही.

आता खुद्द कार्डाकडे येऊ. आमच्याकडे 'ग्राफिक्स कार्ड' म्हणतात तेव्हा निम्म्या वेळा कार्ड नसतंच, मदरबोर्डावरची इंटेलची चिप असते. ९४५ चिपसेटवर जीएमए ९५०, जी३१ वर जीएमए ३१००. तिला स्वतःची मेमरी नाही. ती रॅममधून उसनी घेते, ९५० असेल तर जास्तीत जास्त २२४ एमबी. अशा संचावर सॅन अँड्रियास अडखळला की जो तो एकच सल्ला देतो: रिझोल्यूशन कमी कर. ६४० बाय ४८० म्हणजे ३,०७,२०० ठिपके, १०२४ बाय ७६८ म्हणजे ७,८६,४३२. काम अडीच पटीनं कमी झालं म्हटल्यावर गेम पळायला हवा. भर चौकात, गर्दीत, तो तरीही पळत नाही.

कारण थ्रीडी चित्र दोन पायऱ्यांत निघतं. आधी गाड्या, माणसं, इमारती ज्या त्रिकोणांच्या बनतात त्यांचे कोपरे पडद्यावर कुठे येतात ते काढायचं, मग त्या त्रिकोणांत ठिपके भरायचे. जीएमए ९५० ठिपके स्वतः भरते, कोपऱ्यांचा हिशेब मात्र प्रोसेसरवर ढकलते. रिझोल्यूशन उतरवल्यानं फक्त दुसरी पायरी हलकी होते. चौकात पन्नास गाड्या असतील तर त्यांचे कोपरे ६४० वरही तेवढेच, १०२४ वरही तेवढेच. पोरं मग चित्राची पार दैना करून ठेवतात आणि वेग आहे तिथेच. अशा वेळी माझं सांगणं असतं की रिझोल्यूशन वर घे आणि लांबचं दिसण्याचं अंतर कमी कर. त्यानं कोपरेच कमी होतात. याउलट जीफोर्स ८४०० जीएस सारखं छोटं पण खरं कार्ड असेल, तर कोपऱ्यांचं काम ते स्वतः करतं आणि अडतं मेमरीच्या ६४ बिटांच्या अरुंद वाटेवर. तिथे रिझोल्यूशन उतरवलं की लगेच फरक पडतो. एकाच दुखण्याचं औषध दोन घरी उलटसुलट असतं, म्हणून 'मित्राचं असं केल्यावर चाललं' हे वाक्य मी ऐकून घेतो आणि सोडून देतो.

आणखी एक प्रकार: जुन्या ९४५ वर कुणीतरी हौसेनं विंडोज १० टाकलेलं असतं. या चिपचा शेवटचा अधिकृत ड्रायव्हर विंडोज ७ चा. त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' येऊन बसतो. डेस्कटॉप दिसतो, यूट्यूब रडतखडत चालतं, पण हार्डवेअरचं थ्रीडी अजिबात नाही आणि रिझोल्यूशनची यादी त्रोटक. तिथे गेमच्या सेटिंगमध्ये कितीही खाटखूट केली तरी उपयोग शून्य. इंटरनेटला न जोडता फक्त गेमसाठी ठेवायचा असेल तर विंडोज ७ टाका, असं मी सांगतो. कुणाला ते मागं जाणं वाटतं, वाटू दे.

शिवाय सोलापूर म्हटलं की ऊन आलं आणि माग आले. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो आणि कारखान्याच्या हवेत कापसाचे तंतू उडत असतात. ते पंख्यातून आत जाऊन कार्ड थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर असे बसतात की आतलं ॲल्युमिनियम दिसत नाही. मग गेम रंगात आला की पडदा क्षणभर काळा होतो, आणि परत येतो तेव्हा कोपऱ्यात विंडोजची सूचना: डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, आता सावरला. व्हिस्टापासून विंडोज कार्डाच्या उत्तराची दोन सेकंद वाट बघतं आणि मग ड्रायव्हर नव्यानं सुरू करतं. हाही 'रिझोल्यूशनचा प्रॉब्लेम' म्हणूनच माझ्याकडे येतो. दोन इंची ब्रश आणि ब्लोअर एवढंच लागतं. साफ करताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर ब्लोअरच्या वाऱ्यानं तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं.

हे सगळं निस्तरल्यावर जे उरतं, त्यावर माझं लोकांशी पटत नाही.

चादरीच्या कारखान्याचे एक अण्णा आहेत. वय साठीच्या पुढे, घरात तेलुगू, बाहेर आमची सोलापुरी मराठी. नातवासाठी त्यांनी जुना संच हॉलमधल्या ३२ इंची टीव्हीला जोडला. आत रेडिऑन एचडी ५४५० कार्ड, बाहेर एचडीएमआय केबल. पहिली तक्रार: चित्राभोवती चारही बाजूंनी काळी चौकट. ती खरोखरच चूक होती. डबा टीव्हीच्या काळात चित्राच्या कडा चौकटीखाली झाकल्या जायच्या, म्हणून टीव्ही चित्र जरा फुगवूनच दाखवायचे. ती खोड एलईडी टीव्हीतही उरली, आणि तिला तोंड द्यायला या कार्डाचा ड्रायव्हर चित्र आधीच आखडून पाठवतो. टीव्हीच्या मेनूत स्क्रीन फिट लावलं, ड्रायव्हरमधली स्केलिंगची पट्टी शून्यावर आणली, चौकट गेली. अण्णा खूश.

मग नातवानं क्रिकेट ०७ लावला. २००६ चा गेम, ४:३ च्या चौकटीत बेतलेला, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. १६:९ च्या पडद्यावर तो पूर्ण ताणला की रुंदी एक तृतीयांशानं वाढते. चेंडूचं अंडं होतं, यष्ट्या खांबांएवढ्या जाड, आणि फलंदाज महिनाभर शेंगा चटणी आणि कडक भाकरीवर दंड-बैठका काढून आल्यासारखा. मी ड्रायव्हरमध्ये 'मेंटेन आस्पेक्ट रेशो', म्हणजे रुंदी-उंचीचं मूळ गुणोत्तर राख, हे निवडलं. चेंडू गोल झाला. डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या आल्या.

"काय ओ साहेब," अण्णा म्हणाले, "एवढा मोठा टीव्ही घेतलो, दोन्हीकडं अंधार कशाला ठेवलाव?"

मी त्यांना त्यांच्याच धंद्यातून समजावायला गेलो. चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर काढतात. एकेक चौकट म्हणजे एकेका ठिकाणी उभा धागा वर उचलायचा की नाही. त्यावरून भोकं पाडलेले पत्ते तयार होतात, आणि जॅकार्ड त्या पत्त्यांच्या हुकमानं धागे उचलतो. मोर रुंद हवा म्हणून कुणी तो कागद हातानं ताणत नाही. नव्या मापाचा मोर नव्यानं काढावा लागतो, नाहीतर जुनाच मोर मधे ठेवून कडेला साधं विणकाम सोडतात. हा क्रिकेट ०७ म्हणजे जुन्या मापाचा मोर, आणि या काळ्या पट्ट्या म्हणजे कडेचं साधं विणकाम.

अण्णांनी शांतपणे ऐकलं. मान डोलावली. मग म्हणाले, "ते सगळं बरोबर. पण चादर अंगाला पुरली पाहिजे की!"

त्यांनी माझ्यादेखत फुल स्क्रीन करून घेतलं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा चेंडूचं अंडं जोरात चाललं होतं आणि नातू शतकाच्या जवळ होता.

मी तरीही पट्ट्यांच्या बाजूनंच आहे. ज्यानं ते मैदान काढलं त्यानं ते त्या चौकटीत बसवून काढलं. कडेला रिकामं राहिलं तर त्यात कमीपणा कसला? जागा दिसली की भरायची, ही सवय आपल्याला पडद्याबाहेरही आहे, पण तो विषय वेगळा. बरं, पट्ट्या मान्य केल्या तरी दरवेळी गणित सुटतंच असं नाही. डेंजरस डेव्ह घ्या, डॉसवरचा, १९९० चा. तो ३२० बाय २०० मध्ये आहे, आणि हे गुणोत्तर ४:३ नाही. त्या काळचा मॉनिटर मात्र ४:३ च होता, त्यामुळे एकेक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच दिसायचा आणि चित्रकारानं तो तसा दिसणार हे धरूनच चित्र काढलं. आज तेच ठिपके चौरस दाखवले तर डेव्ह बुटका होतो. डॉसबॉक्समध्ये, म्हणजे डॉसचे जुने गेम आज चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, 'आस्पेक्ट' चालू केलं की त्याची उंची परत मिळते. हे बटण ज्यानं घातलं त्याला माझा नमस्कार.

नव्या कार्डांत यावर एक छान सोय आली. २०१९ मध्ये एनव्हिडियानं ट्युरिंग पिढीच्या कार्डांना पूर्णांकी स्केलिंग दिलं: ठिपका दुप्पट, तिप्पट, पण सव्वापट कधीच नाही, म्हणजे धूसरपणाच नाही. आमच्या गल्लीतल्या कार्डांच्या नशिबात ते नाही. आणि असतं तरी १३६६ बाय ७६८ वर ६४० बाय ४८० दुपटीनं बसत नाही. ४८० दुणे ९६०, उंची आहे ७६८.

भाच्याला मी पट्ट्यांचं आणि ताणण्याचं हे सगळं सांगितलं आणि तो कामाला लागला. जुळे सोलापूरला राहतो, नववीत आहे, काउंटर-स्ट्राइक १.६ खेळतो. कुठल्याशा भंगारवाल्याकडून त्यानं सतरा इंची 'चौकोनी' मॉनिटर पैदा केला. आता पट्ट्याही नाहीत आणि ताणणंही नाही, या आनंदात मला बोलावलं.

मी मेनूचं बटण दाबलं. १२८० बाय १०२४.

"मामा, झालं ना ४:३?"

"भागून बघ."

त्यानं मोबाईलवर भागलं. १.२५ आलं. ४:३ असतं तर १.३३ आलं असतं. हा मॉनिटर ५:४ चा, सतरा-एकोणीस इंचीत तेच माप जास्त मिळतं. १०२४ बाय ७६८ लावलं की तो चित्र उभं ताणतो. माणसं आता जाड व्हायच्या ऐवजी लांबोडकी. मॉनिटर व्हीजीएवर, त्यामुळे ताणायचं की नाही ते मॉनिटर ठरवणार, आणि त्याच्या मेनूत तसा पर्यायच नाही.

"मग आता, मामा?"

अशा वेळी माझा शेवटचा उपाय, मॉनिटरचं मूळ माप यादीत मिळत असेल तर, बहुतेक कार्डांवर आणि केबलांवर चालतो. डेस्कटॉप मॉनिटरच्या मूळ मापावरच ठेवायचा, वॉलपेपर पूर्ण काळा करायचा आणि गेम विंडोमध्ये उघडायचा. कार्ड मॉनिटरला मूळ मापच पाठवतं, मग ताणायला कुणाला कारणच उरत नाही. काउंटर-स्ट्राइकला विंडोमध्ये १२८० बाय ९६० लावलं. ४:३ चोख, रुंदी काठोकाठ, उंचीत ६४ रेघा शिल्लक. अडचण एकच: विंडोज ७ चा टास्कबार त्यातल्या ४० रेघा खातो आणि वरच्या टायटलच्या पट्टीला जागा कमी पडते.

"टास्कबार ऑटो-हाइडवर टाक," मी म्हटलं, आणि सेटिंग कुठे आहे ते दाखवायला माउस हातात घेतला. टास्कबार आधीच लपवलेला होता.

"हे कधी केलंस?"

"परीक्षेत," तो म्हणाला, आणि आई स्वयंपाकघरात आहे ना ते मागं वळून बघितलं. "खाली गेमचं आयकॉन दिसतंय की, मामा."